राहून गेलेली प्रार्थना

फादर अंतोन सायकलवर बसलेले मी फार क्वचित पाहिले. सायकल मात्र कायम त्यांच्यासोबत असे. एक हात हँडलवर, दुसरा झग्याच्या खिशात, नजर समोरच्या झाडांवर किंवा ढगांवर, अशा थाटात ते तिला शेजारी घेऊन चालत. रस्त्यात कुणी विचारलं, "फादर, पंक्चर झाली का?" तर म्हणत, "नाय बाबा, चांगली हाये. पण बसलं की लवकर पोचतो. मग एवढं सगळं बघायचं कवा?"

ते नगरकडच्या खेड्यातले. औरंगाबादच्या आमच्या चर्चमध्ये बदलून आले तेव्हा त्यांचे केस पिकायला लागले होते. आवाज हळू, बोलणं तुटक. प्रवचन करतानाही मध्येच थांबत आणि खिडकीबाहेर बघत राहत. लोक आधी चुळबुळायचे, पुढेपुढे तेही त्यांच्याबरोबर बाहेर बघायला शिकले.

आम्ही तेव्हा पुंडलिकनगरात दोन खोल्यांचं घर बांधून राहायला गेलो होतो. आजूबाजूला मोकळे प्लॉट, बाभळी, आणि संध्याकाळी दूरवर निळ्या होत जाणाऱ्या टेकड्या. माझे यजमान विलास गॅरेजमध्ये मेकॅनिक होते. कामावरून आले की हात धुऊन थेट गच्चीवर जात. तिथं लाकडी खुराड्यात त्यांची कबुतरं होती. आमची छकुली वर्षाची होत आली होती आणि तिचा बाप्तिस्मा अजून झाला नव्हता.

कारण विलासनी चर्चची पायरी सोडली होती. लग्नाच्या दिवशी माझ्या आईच्या शब्दाखातर आले तेवढेच. त्यांचे वडील याकोब फुलंब्रीच्या पुढं एका खेड्यात वारले, तेव्हा तिथल्या फादरांनी मातीला यायला नकार दिला होता. "जिवंतपणी जो कधी चर्चला फिरकला नाही, त्याच्यासाठी मी काय म्हणून येऊ?" असं ते म्हणाले. ख्रिस्ती दफनभूमीत जागा मिळाली नाही. विलास तेव्हा कॉलेजातही गेले नव्हते. त्यांनी आणि त्यांच्या चुलत्यांनी शेताच्या बांधाला खड्डा खणला आणि प्रार्थनेवाचून माती दिली. त्या दिवसापासून चर्चचं नाव काढलं की विलास उठून गच्चीवर जात.

माझी आई देवगाव रंगारीला राहायची. ती आली की तोच विषय. "अगं, लेकरू वरसाचं झालं. अजून डोक्यावर पाणी नाय पडलं. माझ्या जिवाला लई घोर लागलाय." एकदा छकुलीला ताप आला आणि माझाही धीर सुटला. मी चर्चमध्ये गेले आणि फादरना म्हटलं, "हे कामावर असताना पोरीला घेऊन येते. गुपचूप उरकून टाका."

फादर फुलझाडांना पाणी घालत होते. त्यांनी झारी खाली ठेवली. मग म्हणाले, "बापाला चोरून लेकरू देवाच्या पदरात टाकायचं व्हय? बाई, देव असली चोरी घेत नाय. आधी डॉक्टरकडं न्या तिला."

ताप उतरला. त्यानंतरच्या एका संध्याकाळी फादर सायकल हातात धरून आमच्या दारात उभे राहिले. मी घाबरले, विलासचा चेहरा ताठ झाला. फादरनी गच्चीवरच्या कबुतरांकडे बघत विचारलं, "तो पांढरा, काळ्या शेपटीचा, तुमचाच का?"

त्या दिवसापासून ते वरचेवर येऊ लागले. मी चहा घेऊन गच्चीवर गेले की दोघं कठड्याला टेकून आभाळाकडे बघत उभे असत. कबुतरांचा थवा उन्हात वळला की एकदम चांदीसारखा चमके आणि पुन्हा वळला की दिसेनासा होई. दुरून अजान ऐकू येई, कुणाच्या तरी घरची भाकरी भाजल्याचा वास येई. छकुली फादरच्या झग्याच्या गुंड्या चोखत त्यांच्या कडेवर पेंगून जाई. बाप्तिस्म्याचा शब्द कुणीच काढत नसे.

मला राहवेना. एकदा जिन्यात गाठून विचारलं, "फादर, तुम्ही यांना काही बोलत का नाही?"

"काय बोलू? माणूस बोलायला लागला की ऐकायचं. तोवर चहा प्यायचा. चहा चांगला करता तुम्ही."

पावसाळा संपत आला तेव्हाची गोष्ट. त्या संध्याकाळी कबुतरांतली एक मादी परतली नाही. अंधार पडू लागला तरी दोघं वरच थांबले. विलास शीळ घालत होते, पुन्हा पुन्हा. मी छकुलीला घेऊन वर गेले तेव्हा ते आभाळाकडे बघतच बोलत होते. "माझ्या बापाला कबुतरांचा लई नाद होता, फादर. चर्चला जायचा नाय, खरंय. पण दारात आलेल्या माणसाला कवा उपाशी धाडला नाय. त्याला आम्ही नुसता मातीत लोटला. एक शब्द कुणी बोललं नाय त्याच्यासाठी."

फादर त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "कुठं हायेत ते?"

"फुलंब्रीच्या पुढं. बांधाला."

"रविवारी चर्चमधली पहाटेची मिस्सा झाली की जाऊ."

"आता जाऊन काय उपयोग?"

"उपयोगाचं मला ठाऊक नाय. प्रार्थना राहून गेलीय. ती करून येऊ."

रविवारी आम्ही बसने गेलो. पुढं पायवाटेनं चालत. कपाशीला बोंडं धरली होती आणि सगळ्या रानावर पातळ धुकं होतं, ऊन त्यातून दुधासारखं झिरपत होतं. बांधाजवळ लिंबाखाली दगडांचा एक ढीग होता, गवतानं झाकलेला. विलास लांबच उभे राहिले. फादरनी वाकून गवत उपटायला सुरुवात केली. थोड्या वेळानं विलासही येऊन बसले. दोघांनी मिळून दगड मोकळे केले.

मग फादरनी पिशवीतून जांभळा पट्टा काढून गळ्यात घातला आणि मयताची सगळी प्रार्थना म्हटली, पहिल्यापासून शेवटपर्यंत, काही न गाळता. चर्चमध्ये अडखळणारा त्यांचा आवाज तिथं एकदाही अडला नाही. पवित्र पाणी शिंपडून झाल्यावर ते गुडघ्यावर बसले आणि दगडांवर हात ठेवून शेजारच्या माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "याकोबदादा, आम्हाला यायला लई उशीर झाला. माफ करा."

विलास तेव्हा रडले. लग्नानंतर पहिल्यांदाच मी त्यांना रडताना पाहत होते. फादरनी त्यांना गप्प केलं नाही. छकुली दगडांवरून चालायचा प्रयत्न करत होती, तिला मी धरून राहिले.

परतीच्या बसमध्ये विलास खिडकीशी बसले होते. फुलंब्री मागे पडल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "फादर, पोरीच्या बाप्तिस्म्याला काय काय लागतं?"

"पोरगी लागते," फादर डोळे मिटूनच म्हणाले. "बाकी सगळं चर्चमध्ये हाये."

बाप्तिस्म्याला माझी मावसबहीण छकुलीची धर्ममाता झाली, तिचा नवरा धर्मपिता. आईनं देवगावहून पांढरा झगा शिवून आणला, तो छकुलीला दोन बोटं मोठाच झाला. स्नानकुंडाशी उभं राहून फादरनी विचारलं, "या बाळासाठी देवाच्या मंडळीकडे काय मागता?" उत्तर मी द्यायचं असं आमचं ठरलं होतं. मी तोंड उघडणार तोच विलास मोठ्यानं म्हणाले, "बाप्तिस्मा." मागच्या बाकावरून आईचा हुंदका ऐकू आला. कपाळावर पाणी पडलं तेव्हा छकुली रडली नाही. ती फादरच्या तोंडाकडे बघत होती, आणि फादर, त्यांच्या सवयीप्रमाणे, पाणी ओतता ओतता क्षणभर खिडकीबाहेर.

पुढे काही वर्षांनी त्यांची बदली झाली. चर्चच्या आवारात निरोपाचा कार्यक्रम झाला. मंडळातल्या लोकांनी भाषणं केली. फादरनी बांधलेली भिंत, लावलेली झाडं, सुरू केलेला बालवर्ग, सगळं सांगून झालं. फादर खुर्चीत अवघडून बसले होते. शेवटी कुणीतरी विलासना आग्रह केला. माणसांत बोलायची त्यांना सवय नव्हती. ते उभे राहिले, हातातला रुमाल चुरगाळत राहिले. सगळे वाट बघत होते.

"यांनी माझ्या बापाला माती दिली," ते म्हणाले, आणि खाली बसले.