डाव्या बाजूची थाप

अक्षर माझं वेडंवाकडं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नये. शाळा चौथीत सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते सहीपुरतं. तेव्हा चुकलंमाकलं पोटात घालावं. ही माफी मी कुणाकडे मागते आहे तेही मला माहीत नाही, कारण हे कुणाला दाखवायचं नाही. मुलीला तिच्या दवाखान्यात डायरी फुकट मिळाली, ती तिने मला दिली. कोरी पडलेली बघवेना म्हणून लिहिते.

लिहायचं आहे तिच्या गाडीबद्दल. पण गाडीच्या आधी टेंपो येतो.

आमच्या ह्यांचा टेंपो होता. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटं, पलंग, सोफे उचलायचे आणि अंबरनाथ-बदलापूरच्या नव्या बिल्डिंगांत पोचवायचे. आम्ही तेव्हाही अंबरनाथच्या बुवापाड्यातच राहायचो. क्लीनर ठेवणं परवडत नव्हतं, आणि डावा आरसा कुठल्या ना कुठल्या गल्लीत तुटायचाच. मुलगी शाळेत जायला लागली तशी मी ह्यांच्या डावीकडे बसायला लागले. डाव्या बाजूला काय आहे ते सांगायचं, एवढंच काम.

पण मला ओरडता यायचं नाही. दुसरे क्लीनर “आने दे, आने दे, काट, काट” करून गल्ली डोक्यावर घ्यायचे. माझ्या घशातून आवाजच निघत नसे, त्यात चार हमाल बघत असले तर अजूनच नाही. म्हणून मी खिडकीतून हात बाहेर काढून दारावर थाप मारायचे. एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, एसटीच्या घंटीसारखं. पुढे त्यात बारकावे आले. नुसती बोटं वाजवली की जागा आहे पण जपून. बांगडी वाजवली की पोरं खेळतायत. मागे घेताना मी खाली उतरून पाठच्या पत्र्यावर वाजवत चालायचे आणि हे मान न वळवता टेंपो बरोबर आत घालायचे.

ज्यांच्या दुकानाचा माल आम्ही नेत होतो ते सिंधी शेठ एकदा ह्यांना म्हणाले, “तुम्हारा क्लीनर बहुत शांत है, भाई.”

हे म्हणाले, “घर पे नहीं है, सेठ.”

सगळे हमाल हसले आणि मी खिडकीबाहेर बघत बसले. खरं तर मी घरीही शांतच. आमचं बोलणं जे काही झालं ते टेंपोतच झालं. घरात सासू-सासरे, दीर, एक खोली. रिकामा टेंपो घेऊन बदलापूरहून परत येताना मागे पॉलिशचा वास राहिलेला असायचा आणि हे सावकाश चालवायचे. मुलीला पुढे कुठल्या हायस्कुलात घालायचं, धाकट्या दिराचं लग्न, सगळं त्या रस्त्यावर ठरलं. जांभळांच्या दिवसांत बायका पानांच्या द्रोणात जांभळं घेऊन रस्त्याकडेला बसायच्या. त्या दिसल्या की मी एक थाप मारायचे. हे ब्रेक दाबायचे आणि मग डावीकडे बघून म्हणायचे, “हा कसला अडथळा.”

मग एकदा मला ताप आला आणि हे एकटेच बदलापूरच्या मांजर्लीत कपाट द्यायला गेले. तिथे गल्लीत वळताना टेंपोची डावी बाजू एका फळवाल्याच्या हातगाडीला लागली. माणूस पडला. गुडघा खरचटला, बाकी काही नाही. ह्यांनी त्याला डॉक्टरकडे नेलं, फळांचे पैसे दिले, त्याच्याबरोबर चहा घेतला. तो माणूस विसरला असेल. हे विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी शेजारी असूनही हे प्रत्येक वळणाला टेंपो थांबवत राहिले. म्हणाले, डावीकडे काहीच दिसत नाही मला, नुसतं काळं वाटतं. डोळे तपासले, डोळे ठीक होते. काही महिन्यांनी टेंपो विकला.

नंतर हे दारातल्या पायरीवर बसायचे आणि गल्लीत कुणाची गाडी मागे येताना बघायचे. तिथे बसल्या बसल्या उजवा पाय लादीवर ब्रेक दाबायचा. मला ते बघवत नव्हतं. ह्यांनी पुन्हा गाडी चालवावी असं मला फार वाटायचं. बोलले कधी नाही. मला ह्यांच्या शेजारी बसायचं होतं, हे कसं बोलणार.

मुलगी नर्स आहे, लग्न होऊन बदलापूरला खरवईत राहते. ड्युटीच्या वेळा विचित्र, म्हणून तिने गाडी घ्यायचं ठरवलं. सुरुवातीला भरायचे पैसे कमी पडत होते. ह्यांनी टेंपोचे आलेले पैसे काढून तिच्यापुढे ठेवले. ती म्हणाली, बाबा, उसने घेते, दर महिन्याला फेडणार. हे म्हणाले, “फिटेपर्यंत चारही चाकं माझी.”

ती मस्करी पुढे चालूच राहिली. दर महिन्याच्या एका रविवारी ती गाडी घेऊन यायची, ह्यांच्या हातात पैसे ठेवायची आणि आम्हाला फिरवायला न्यायची. पैसे थोडे फिटले तशी म्हणाली, आता तीन चाकं तुमची. मग दोन. प्रत्येक वेळी किल्ली पुढे करायची, “तुमची चाकं आहेत, चालवा की.” आणि हे कधी गुडघा दुखतोय म्हणायचे, कधी चष्मा राहिला, कधी ऊन फार. मी मनात म्हणायचे, चाकं संपत आली. एकदा पैसे फिटले की हा माणूस स्वतःहून दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही.

गाडी मात्र मोठी शहाणी निघाली. मोकळ्या रस्त्यावर एक बटण दाबून वेग ठरवून दिला की पुढच्या गाडीशी अंतर ठेवून आपली आपण चालते. पुढची हळू झाली की ही हळू, ती गेली की ही जोरात. रस्त्यावरचा पांढरा पट्टा ओलांडला की स्टेअरिंग थरथरतं. मुलगी म्हणायची, हे सगळं पट्टे असले तर. आमच्याकडे पट्टे रंगवलेले टिकतात कुठे. उल्हासनगरात तर ती नुसती टुंग टुंग करत राहायची, कारण तिच्या हिशोबाने सगळेच फार जवळ होते. आणि बाजूने कुणी आलं की त्या बाजूच्या आरशात पिवळा दिवा लागायचा. डावीकडचा दिवा मी पहिल्यांदा बघितला तेव्हा कसंतरी झालं. माझ्या जागेवर दिवा बसला होता.

दसऱ्याला मी झेंडूचा हार केला. टेंपोला दरवर्षी मीच करायचे, जाड, आंब्याची पानं घालून. तोच हात, तेच माप. मुलीच्या गाडीच्या तोंडावर तो आडवा बांधला, गाडी सुरेख दिसली. पण थोडं पुढे गेलो तर समोर पडद्यावर काहीतरी लाल आलं आणि ती अंतर ठेवणारी सोय बंद झाली. मुलगी घाबरली. नवी गाडी, सणाचा दिवस, गॅरेज बंद. तिने गाडी बाजूला घेतली. गाडीबरोबरचं पुस्तक खूप वाचून मग तिला कळलं की गाडीचा पुढचा डोळा नंबरप्लेटच्या वर आहे, आणि तोच माझ्या हाराखाली गेला होता.

मी खाली मान घालून हार सोडायला उतरले, तर हे माझ्या आधी उतरले. पुढे वाकून बघितलं आणि हसायला लागले. “नवरीच्या मुंडावळ्या डोळ्यांवर आल्यात गं.” दसऱ्याचा हार त्याच दिवशी काढायचा नाही, म्हणून ह्यांनी तो मधून उचलला आणि मुंडावळ्यांसारख्या दोन लडी दोन बाजूंना सोडल्या. गाठी स्वतः मारल्या. मग डोळा कुठला, तो किती लांबचं बघतो, पावसात बघतो का, असं विचारत राहिले. टेंपो विकल्यापासून ह्यांना गाडीबद्दल इतकं बोलताना मी ऐकलं नव्हतं. पुढच्या रविवारी ती दारात थांबली तेव्हा हे ड्रायव्हरच्या जागेवर जाऊन बसले. नुसतेच बसले. किल्ली घेतली नाही.

मग तो रविवार आला. मुलगी म्हणाली, बाबा, आता चाकं संपली, फक्त स्टेपनी उरलीय, आज तीही सोडवते. आम्ही कर्जतच्या रस्त्याला जाऊन आलो. परत येताना खरवईच्या अलीकडे हे म्हणाले, “थांबव जरा.” तिला वाटलं लघवीला जायचं असेल. हे उतरले, फिरून तिच्या दाराशी उभे राहिले. लायसन खिशात होतं, रिन्यू केलेलं. कधी जाऊन केलं, मला पत्ता नव्हता.

ती मागे बसली, मी पुढे. त्या गाडीला क्लच नाही. ह्यांचा डावा पाय शोधत राहिला. “ह्याचं काय करू?” मुलगी म्हणाली, त्याला आज सुट्टी द्या. मोकळ्या रस्त्यावर तिने मागून सांगितलं तसं ह्यांनी बटण दाबलं. पुढे ट्रक होता. गाडी आपोआप हळू झाली. ह्यांचा पाय ब्रेकच्या वर तरंगत होता. तिने सांगितलं, पाय असाच तयार ठेवा, गाडी चुकूही शकते. हे म्हणाले, आमच्या वेळीही असंच होतं, क्लीनर चुकू शकतो. माझ्याकडे बघितलं नाही.

बदलापूरच्या बाजाराशी आलो आणि गर्दी लागली. ह्यांनी ते बटण बंद केलं. गाडी टुंग टुंग करू लागली, डाव्या आरशात दिवा लागला, विझला, पुन्हा लागला आणि लागूनच राहिला. ह्यांनी गाडी थांबवली. रस्त्याच्या मधोमध. मागून हॉर्न सुरू झाले. हात स्टेअरिंगवर घट्ट, मांजर्लीनंतर टेंपोत असायचे तसेच. मुलगी म्हणाली, बाबा, मी येते पुढे.

ह्यांनी मान डावीकडे वळवली. मला म्हणाले, “तू गप्प का?”

मी म्हटलं, “गाडी सांगतेय ना.”

“ती सांगते कुणीतरी आहे. हातगाडी आहे का माणूस, ते कुठे सांगते. तू सांग.”

मी काच खाली केली. एक रिक्षा होती, थांबलेली, आणि तिच्या-आमच्यामध्ये हात-दीड हात जागा. मी हात बाहेर काढला आणि बोटं वाजवली. नव्या गाडीचा पत्रा पातळ, आवाज पोकळ आला. ह्यांनी ऐकला. गाडी हळूच सरकली. रिक्षा मागे गेली तशी मी दोन थापा मारल्या. मुलगी मागून म्हणाली, आई, रंग जाईल. पण ती हसत होती.

बुवापाड्याच्या गल्लीत ह्यांनी गाडी मागे घेऊन लावली. पडद्यावर मागचं सगळं दिसतं, ते बघत होतेच. मी तरी उतरले आणि पाठच्या काचेखाली वाजवत चालले.

घरात मुलीने शेवटचे पैसे ह्यांच्या हातात दिले. ह्यांनी ते मोजले आणि किल्ली तिच्यापुढे ठेवली. “गेली स्टेपनी. आता माझं काही नाही त्यात.”

ती म्हणाली, “चाकं माझी. ड्रायव्हर भाड्याने घेतलाय, दर महिन्याला एक रविवार.”

“आणि क्लीनर?”

“क्लीनर ड्रायव्हरबरोबर येतो, बाबा. वेगळे पैसे नाही देणार.”

हे उठले, पैसे कपाटात साड्यांच्या खाली ठेवले, जिथे टेंपोचे ठेवले होते तिथेच, आणि मला चहा टाकायला सांगितला. तिच्याकडचे आमचे सगळे पैसे त्या दिवशी फिटले.