वहिनीच्या गाडीतलं रीळ

माझ्या वहिनीच्या गाडीत एक लाकडी रीळ आहे. दोरा केव्हाच संपलेलं, कडा झिजून गुळगुळीत झालेलं. बालवाडीतल्या मुलांना घरून नेणं आणि दुपारी परत आणून सोडणं हा वहिनीचा व्यवसाय. त्या व्यवसायात शिवणकामाच्या रिळाचं काय काम, हे मला कितीतरी दिवस कळत नव्हतं. आणि मला एखादी गोष्ट कळली नाही की अन्न गोड लागत नाही. माझा नवरा म्हणायचा, तू पोलिसात जायला हवं होतंस. मी गेले वाचनालयात. निवृत्त झाल्यावर दादा-वहिनीच्या शेजारचंच घर घेतलं, त्यामुळे चौकशीला सोयीचं झालं.

वहिनी आधी पडदे शिवायची. एका दुकानाच्या माळ्यावर मशीन, समोर कापडाचे ढीग, खाली गल्ल्यावर मालक. दुकान बंद पडलं तेव्हा दादा म्हणाला, "आता जरा निवांत बस." वहिनी निवांत बसली, पण तो आठवडा दादाला फार जड गेला. तिने घरातल्या सगळ्या उशांचे अभ्रे उसवून पुन्हा शिवले. मग एक दिवस सरळ गाडी चालवायला शिकायला गेली. दादाने डोक्याला हात लावला. पहिल्या दिवशी तिने आमचं फाटक पाडलं, ते दादा अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो. पण आता गल्लीतले लोक आपली पोरं तिच्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या गाडीत घालत नाहीत.

तिच्या गाडीत मुलांसाठी दोन प्रकारच्या सीटा आहेत. एक पट्ट्यांची. तिच्यात मूल खांद्यावरून, कमरेवरून, दोन पायांच्या मधून असं पक्कं बांधलं जातं. झोपलं तरी जागच्या जागी राहतं. दुसरी बूस्टर, जिला सगळी पोरं 'मोठी सीट' म्हणतात. ती फक्त मुलाला उंच करते. पट्टा गाडीचाच, मोठ्या माणसांचा. तो खांद्याच्या मधून आणि मांड्यांवरून गेला पाहिजे. गळ्यावर आला किंवा पोटावर चढला तर त्याच्यापेक्षा वाईट काही नाही. पट्ट्यांच्या सीटवरून मोठ्या सीटवर जाणं म्हणजे वहिनीच्या गाडीत वरच्या वर्गात जाणं. त्यासाठी पोरं हट्ट करतातच, पण आईबाप त्याहून जास्त करतात.

"अहो मावशी, आमचा केवढा उंच झालाय! खांदे बघा, पट्टा रुततोय त्याला," एक बाबा एकदा फाटकातच म्हणाले.

"उंच झालाय खरा," वहिनी म्हणाली. "वजनही भरलंय. पण मोठ्या सीटवर पट्टा धरतो, बसवत नाही. बसायचं त्याचं त्यालाच असतं. बघू."

हे 'बघू' म्हणजे काय, तेच मला हवं होतं. मूल उंचीला, वजनाला पुरेसं झालं की वहिनी त्याच्या आईबापांना विचारून एका दुपारी त्याला सगळ्यात शेवटी सोडायची. त्या दिवशी ते मूल मोठ्या सीटवर. त्याच्या पायाखालची रबरी चटई ती काढून ठेवायची. हातात ते रीळ द्यायची. मग मैदानाभोवतीच्या रिकाम्या रस्त्यावर, बैलगाडीच्या चालीने, फेऱ्या. परत आल्यावर निकाल. बहुतेकांना 'अजून थोडे दिवस' एवढंच उत्तर मिळायचं.

मी तर्क लढवले. हात गुंतलेले राहावेत म्हणून रीळ असेल, म्हणजे पट्ट्याशी चाळा होणार नाही. किंवा लक्ष एका जागी किती टिकतं ते बघत असेल. पण मग चटई कशाला काढायची? शेवटी मी सरळ विचारलं.

"वन्सं," वहिनी काच पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही पुस्तकाचं शेवटचं पान आधी वाचता ना?"

"वाचते," मी म्हणाले. खरंच वाचते.

"म्हणूनच तुम्हाला सांगत नाही. आज तुम्हाला सांगितलं की उद्या सगळ्या पोरांना कळेल, आणि मग त्याचा उपयोग संपला."

मला राग आला. पण खोटं कसं म्हणणार? माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्या गल्लीला ठाऊक आहे.

वहिनीच्या नातीला आम्ही भिंगरी म्हणतो. नावाप्रमाणेच आहे. जेवताना उभी, उभी असताना पळत, आणि झोपेतही पलंगाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला. पाचवं वर्ष नुकतंच लागलेलं, पण उंचीने सहाची वाटते. त्या दिवसांत आमची सूनबाई, म्हणजे भिंगरीची आई, दवाखान्यात होती. मुलगा झाला होता. दोघं घरी यायची होती, आणि माझ्या भाच्याने लेकीला कबूल करून टाकलं होतं, "बाळाला आणायला जाताना तू मोठ्या सीटवर बसायचंस. आता तू ताई ना!"

झालं. भिंगरीने सगळ्या बालवाडीला सांगितलं. दूधवाल्याला सांगितलं. आईला फोनवर सांगितलं. आई आणि बाळ गाडीत असताना आपण पट्ट्यांच्या सीटवर बसलो तर आपणही बाळच, असा तिचा साधा हिशेब होता.

"उंची आहे," वहिनी म्हणाली. "वजन आहे. बघू."

या वेळी मी हट्टच धरला आणि फेऱ्या मारायला पुढच्या सीटवर जाऊन बसले. वहिनीने चटई काढली, रिळासाठी हात पुढे केला, तर भिंगरी म्हणाली, "माझ्याकडेच आहे." मूठ घट्ट मिटलेली. लांब बाह्यांचा स्वेटर मनगटापर्यंत ओढलेला. पाठ ताठ, गुडघे जुळलेले, पट्टा बरोबर खांद्याच्या मधून. भिंगरी इतकी शहाण्यासारखी बसलेली मी कधी पाहिली नव्हती. वहिनीही जरा चकित झाली.

आम्ही निघालो. मैदानाच्या कडेने उन्हं तिरपी येत होती, खिडकीतून ऊब लागत होती. मी काहीतरी सांगू लागले, तर वहिनी म्हणाली, "वन्सं, शू." तिचे डोळे रस्त्यावर होते, पण मान किंचित तिरकी, मागून काही ऐकू यायचं असावं तशी. मीही कान दिला. काहीच नाही. एक फेरी झाली, दुसरी झाली. वहिनीचा चेहरा हळूहळू खुलत गेला.

"जागी आहे अजून," ती हलकेच म्हणाली. "आज दुपारी झोपली नव्हती, तरी जागी आहे. कमाल आहे पोरीची."

फाटकापाशी गाडी थांबवून तिने मागे वळून पाहिलं, आणि "अगं बाई!" म्हणून दार उघडून धावली.

भिंगरी गाढ झोपली होती. सीटवरून पुढे घसरलेली, मान एका बाजूला पडलेली. खांद्यावरचा पट्टा गळ्याला लागलेला, मांड्यांवरचा पट्टा पोटावर चढलेला. आणि उघड्या मुठीतून सुटलेलं ते रीळ मनगटाला काळ्या दोऱ्याने बांधलेलं, सीटच्या कडेला हळूहळू गिरकी घेत होतं.

वहिनीने पट्टा सोडवून तिला उचलून घेतलं. पोरीला काही झालं नव्हतं. पण गाडी इतकी हळू नसती, समोर एखादं कुत्रं आडवं आलं असतं, तर?

तेव्हा मला रिळाचं कोडं सुटलं. वहिनीला मग मी सगळं बोलतं केलं. सुरुवातीच्या काळात तिच्या गाडीत एक मुलगा असायचा, सकाळी पुतळ्यासारखा बसणारा. दुपारी तो असाच झोपेत घसरला, आणि तिला ते त्याच्या घरापाशी पोचल्यावर दिसलं. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. जागेपणी कुणीही सरळ बसतं. झोपेत कसं बसतं ते बघायला हवं. पण गाडी चालवताना सारखं मागे बघता येत नाही. मग तिला आपलं दुकान आठवलं. माळ्यावर दुपारी डुलकी लागली की हातातलं रीळ फळीवर पडायचं, टक, आणि खालून मालक हाक मारायचा. तसंच इथे. मुलाला झोप लागली की मूठ सुटते, चटई नसलेल्या पत्र्यावर रीळ पडतं, आणि वहिनी लगेच गाडी कडेला घेऊन मागे बघते.

भाचा घरी आला तेव्हा वहिनीने त्याला फैलावर घेतलं. "कुणी बांधलं हे?"

"मीच," तो म्हणाला. "आई, मला काय माहीत? ती म्हणाली, सारखं पडतं, हाताला बांधून दे. मी दिलं."

"त्या चष्मेवाल्याचं पडलं," भिंगरी हुंदके देत म्हणाली, "त्याला मोठी सीट नाही मिळाली. त्या केसवालीचं पण पडलं, तिला पण नाही."

म्हणजे पोरीने माझ्या आधी शोध लावला होता! अर्धाच लावला होता, पण लावला होता. मला तिचा हेवाच वाटला.

"अगं वेडे," वहिनीने तिला मांडीवर घेतलं, "ते पडायलाच हवं. सगळ्यांचंच पडतं. पडल्यावर तू कशी बसतेस, ते मी बघते."

"पण आता उद्याचं काय?" भाचा म्हणाला. "मी तिला शब्द दिलाय."

"शब्द तू दिलास. गाडी मी चालवते."

"मग मी येणारच नाही," भिंगरी म्हणाली. "बाळासारखी बांधून नाही येणार." आणि आईला भेटायला किती दिवस झुरत होती ती! रात्री आईचा दुपट्टा उशाशी घेतल्याशिवाय झोपत नव्हती. मला वहिनीचा राग आला. एकच दिवस, एवढासा रस्ता, काय बिघडणार होतं? तोंडावर आलेलं मी गिळलं, कारण ते गिरकी घेणारं रीळ डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

सकाळी भिंगरी बूट घालून तयार, पण दाराची चौकट धरून उभी. भाचा विनवण्या करून थकला. वहिनीने विनवलं नाही. ती रीळ हातात घेऊन पायरीवर बसली.

"मला एक अडचण आहे," ती म्हणाली. "बाळ झोपलंय की जागं, मला कसं कळणार? तुझी आई दमलेली असेल. तुझा बाबा पार मागे, पिशव्यांत. आणि आत्याआजी तर बोलत बसेल."



"त्याला रीळ दे," भिंगरी फुरंगटून म्हणाली.

"एवढ्याशा मुठीत मावत नाही गं."

भिंगरीने रिळाकडे पाहिलं. मग स्वतःच्या हाताकडे. "बोट मावेल," ती म्हणाली, आणि जाऊन आपल्या पट्ट्यांच्या सीटवर बसली.

परत येताना बाळ तिच्या शेजारी, मागे तोंड केलेल्या इवल्या सीटमध्ये, आणि त्याच्या पलीकडे सूनबाई. भिंगरीने हात लांब करून एक बोट बाळाच्या मुठीत दिलं होतं. दुसऱ्या हातात रीळ, पायाखालची चटई काढलेली. पहिला सगळा रस्ता ती बातम्या देत होती. "जागं आहे, आजी. घट्ट धरलंय. अजून जागं आहे." मग बातम्या विरळ झाल्या. मग थांबल्या.

टक.

वहिनीने आरशात एक नजर टाकली. मी वळून पाहिलं. भिंगरीची मान सीटच्या कडेला टेकली होती, पट्टे जागच्या जागी होते.

"पडलं?" वहिनीने विचारलं.

"रीळ पडलं. बोट तसंच आहे, बाळाने सोडलेलं नाही."

"म्हणजे बाळ जागं आहे."

मी वाकून नीट पाहिलं. सूनबाईही डोळे मिटून मागे टेकली होती. "नाही गं," मी म्हणाले. "वहिनी, तुझी परीक्षा इथे चालत नाही. दोघंही गाढ झोपलीत, आणि सोडलं कुणीच नाही."

घर आलं, फाटक आलं, दादा दारात उभा होता. वहिनीने ओठांवर बोट ठेवून त्याला खूण केली, आणि गाडी न थांबवता हळूच मैदानाच्या रस्त्याला वळवली.