कोतवालाच्या पायातलं गाव

आमचा बुढा, म्हणजे माझा नवरा, सेवकराम कोतवाल. कोतवालकी सुटून सहा वर्षं झाली, पण रुबाब काही सुटला नाई. धरणात बुडालेल्या आमच्या सावरटोल्यात त्यानं तीस वर्षं डफडं वाजवून दवंडी दिली. अजूनबी घरातलं मीठ संपलं, तरी आधी घसा खाकरते अन् मंग "ऐका हो ऐका"च्या चालीत सांगते. मी म्हणते, "अवो, मी हातभरावर उभी आहो, ओरडून कायले राहिले?"

बारा वर्षांआधी गाव पाण्याखाली गेलं अन् आमाले या माळावरच्या वसाहतीत आणून टाकलं. सारखी घरं, घराले नंबर. बुढा पहिल्या महिन्यात आपलंच घर तीनदा चुकला. एकदा तर शेजारच्या नत्थूच्या घरी जाऊन जेवाले बसला, अन् नत्थूच्या सुनेनं वाढलंबी.

मागच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका संग्रहालयातून नंदिनी मॅडम आली. संगं मॉडेल बनवणारे मनिष सर. म्हणे, गावातून उठवलेल्या लोकायची गोष्ट संग्रहालयात मांडाची हाय, अन् ती आमी नाई, तुमीच सांगाची. समाजभवनात मोठ्ठा पाट मांडला. त्यावर रस्ते अन् तळं काढलेलं. बाजूले टोपलीभर लाकडाची इवली इवली घरं. ज्याचं घर त्यानं आपल्या हातानं ठेवाचं. नियम एकच, दोघा गाववाल्यायनं "होय, इथंच होतं" म्हटल्याबिगर घर चिकटवाचं नाई.

आता बाप्पा, असा नियम भेटल्यावर आमचे लोक सोडते का! नत्थूनं आपल्या कौलारू घरावर दुसरा मजला चढवला. "इश्वर, होय म्हण." इश्वर म्हणे, "होय. पण माझ्या गोठ्याले तू होय म्हण." गोठ्यात म्हणे सहा जोड्या बैल! अवो माय, त्या गोठ्यात अर्ध्या जागेत तर इश्वर सोता झोपत होता. दुपारपर्यंत गावात इतके मजले चढले का मारुतीच्या देवळाले जागाच उरली नाई. मनिष सर देऊळ हातात धरून उभे. मॅडम म्हणाली, "एवढं श्रीमंत गाव बुडवायला सरकारला परवडलं कसं?"

या सगळ्या गोंधळात एक बाई गप बसून होती. जमुनाबाई. ढिवराची. तळ्याच्या पाळीवर तिची एकटीची झोपडी होती, तिथूनच ती जाळं टाके. धरणासाठी घरायची मोजणी झाली तवा ती मिरची तोडाले तेलंगणात गेली होती. दोन महिन्यानं आली तर यादीत तिचं घरच नाई. प्लॉट नाई का काही नाई. गाव बुडाल्यापासून भावाच्या सपरीत, पडवीत राहते.

ती उठली. टोपलीतलं सगळ्यात लहान घर तिनं तळ्यापाशी ठेवलं अन् इचारलं, "कोण होय म्हणते?"

जो तो आपलंच घर सारखं कराले लागला. इश्वर म्हणे, "यादीत नोतं ना, बाई." सहा जोड्या बैल कोणत्या यादीत होते, हे त्याले कोणीच इचारलं नाई. मीबी नाई. इश्वरसंग भांडण नको वाटलं मले. जमुनाबाईनं घर उचललं अन् ओटीत घेऊन बसली. "प्लॉट नाई मागत मी," म्हणे. "नातीले दाखवाचं होतं, का तुई आजी गावची होती, वाऱ्यावरची नोती."

मॅडमनं आमच्या बुढ्याले इचारलं, "कोतवाल, तुम्हाला तर घर अन् घर माहीत असेल?"

"बसून नाई आठवत," बुढा म्हणे. "माझं गाव पायात हाय. डफडं आणतो."

तो डफडं घेऊन आला, पाटापाशी उभा राहिला, डोळे मिटले अन् पाटाभोवती चालाले लागला. जसा दवंडीले चाले तसाच, पावलं मोजत. "हे नत्थूचं घर. एकमजली. वर मजला नाई, चिंचेचं झाड होतं." लोक फिदीफिदी हासले. "हा इश्वरचा गोठा. बैल दोन, त्यातला एक लंगडा." इश्वरनं टोपी सारखी केली. मनिष सर भराभर मजले काढत होते. मारुतीले जागा झाली.

तळ्यापाशी आल्यावर बुढ्याचे पाय थांबले. डफडंबी थांबलं. मी म्हणलं, "चाला ना." तो चालेना.

"इथं थांबत होतो मी," तो म्हणाला. "रोज. जमुनाच्या चुलीवर बिडी पेटवाले."

मंग डोळे उघडून जमुनाबाईकडं पाहिलं. "मोजणीवाल्या साहेबानं मले इचारलं होतं, इथं कोण राहते. दाराले कुलूप होतं. ऊन तापलं होतं, भूक लागली होती, घरून दोनदा बलावणं आलं होतं. मी म्हणलं, कोणी नाई साहेब, चला."

इतकी वर्षं हा माणूस मले सांगत होता का साहेबानं इचारलंच नाई! अन् ते बलावणं मीच धाडलं होतं. त्या दिवशी झिंग्याची भाजी केली होती. सुके झिंगे जमुनाबाईच तेलंगणात जातानी देऊन गेली होती. लय लाज वाटली मले. त्या भाजीची चव मले अजून याद हाय.

जमुनाबाई रागावली नाई. एवढंच म्हणाली, "कोतवाल भाऊ, वाजवून सांगा."

बुढ्यानं घसा खाकरला. "ऐका हो ऐका! तळ्याच्या पाळीवर जमुनाबाईचं घर होतं. कोतवाल खोटं बोलला हो!" मी ओरडली, "होय! इथंच होतं!" दोघं झालो.

मनिष सरनं डिंक लावला. जमुनाबाईनं त्यायचा हात धरला. "दारावर कुलूप रंगवा."

मॅडम म्हणाली, "दार उघडं दाखवलं तर छान दिसेल, मावशी."

"नाई. कुलूपच पाहिजे. मी घर सोडून नोती गेली, कुलूप लावून गेली होती." अन् तिनं कमरेतून एक गंजलेली किल्ली काढून दाखवली.

मॅडमचे डोळे भरले. म्हणाली, "ही आम्हाला द्या ना मावशी, काचेच्या पेटीत जपून ठेवू."

जमुनाबाईनं किल्ली परत कमरेले खोसली. "किल्ली नाई देत," म्हणे. "घर माझं हाय."