पेन्सिलरावांची बिननावाची चित्रं

पलटणीत त्यांना पेन्सिलराव म्हणत. नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, पण चिकटलं ते चिकटलंच. लढाईवर चित्रकार पाठवायची कल्पना ज्या कुणा बड्या साहेबाच्या डोक्यातून निघाली, त्याच्या डोळ्यांपुढे फडकणारे झेंडे आणि उगारलेल्या संगिनी असणार. पेन्सिलराव तिथं गेले आणि काढत काय बसले, तर बूट वाळत घालणारे जवान, मोजे शिवणारे जवान, एकमेकांची दाढी करणारे जवान. साहेबांनी विचारलं, "यात लढाई कुठं आहे?" तर म्हणाले, "साहेब, लढाईत दिवसभर हेच चालतं. बाकीचं फार थोडा वेळ." खोटं नव्हतं ते. पण खरं बोलून आजवर कुणाची बढती झालीय?

मूळचे ते दुकानांच्या पाट्या रंगवणारे. हातात बंदूक नाही, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत कागद आणि चाकूनं तासलेल्या पेन्सिली. जवान आधी टिंगल करायचे, की हे बघा, घरचं खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजायला आलेत. चित्र काढून घ्यायला तर कुणी पुढंच येईना. चित्रावर नाव घातलं की गोळीला पत्ता मिळतो, असं त्यांचं म्हणणं. आता याला वेडेपणा म्हणायचं तर खुशाल म्हणा, पण घरात पंख्याखाली बसून म्हणू नका. पेन्सिलरावांनी वाद घातला नाही. ठरलं असं, की चित्रावर नाव नाही, नंबर नाही, काही नाही. कोणता चेहरा कुणाचा, ते पेन्सिलरावांच्या डोक्यात. जवान डोंगरावरून धड खाली उतरला की त्याचं चित्र त्याच्या हातात, मग त्यानं ते घरी धाडावं. जो उतरला नाही, त्याचं चित्र पेन्सिलराव स्वतः त्याच्या घरी धाडत.

हिशोब चोख होता, फक्त तो एकाच डोक्यात होता. आणि शेवटच्या धुमश्चक्रीत तोफगोळ्याचा तुकडा नेमका त्याच डोक्याला लागला. पेन्सिलराव बरेच दिवस इस्पितळात बेशुद्ध पडून होते. पिशवीत उरलेली चित्रं कचेरीतल्या कारकुनानं आपल्या अंदाजानं घरोघर पाठवून दिली. माणूस भला होता. मेलेल्यांच्या आया वाट बघत असतील, एवढंच त्याच्या मनात आलं.

पेन्सिलराव शुद्धीवर आले तेव्हा पिशवी रिकामी आणि डोक्यातला हिशोबही पुसलेला. मग चौकशी बसली. सरकारी कागदावर खासगी चित्रं काढून वाटली, कामात निष्काळजी, असा शेरा मारून त्यांना घरी बसवलं. गल्लीत त्यांनी फ्रेमा करून द्यायचं दुकान थाटलं आणि उरलेलं आयुष्य दुसऱ्यांच्या चित्रांना चौकटी ठोकण्यात घालवलं. स्वतः पुन्हा कधी चित्र म्हणून काढलं नाही. दुकानात कुणी वर्दीतलं गिऱ्हाईक आलं, की खिळे शोधायचं निमित्त करून मागच्या खोलीत जायचे आणि ते गिऱ्हाईक जाईपर्यंत त्यांना खिळे सापडायचे नाहीत.

त्यांची लेक गल्ल्यावर बसून हे बघायची. काच कापायला ती त्यांच्याकडूनच शिकली आणि तो शेराही तिनं त्यांच्याइतकाच, खरं तर त्यांच्याहून जास्त मनाला लावून घेतला. बाबा गेले तरी तिच्या मनातली आग विझली नाही.

आणि मग वरातीमागून घोडं आलं. पलटण नवं स्मृतिदालन बांधत होती. तिथला अधिकारी दुकानात येऊन अवघडून बसला. "तुमच्या वडिलांच्या बाबतीत जे झालं ते बरं नव्हतं," म्हणाला. "एक अख्खी भिंत त्यांच्या नावाची ठेवलीय. पण अस्सल चित्रं हवीत. निदान दोन तरी. नाहीतर तिथं फोटो लावावे लागतील."

लेकीनं त्याला चहासुद्धा विचारला नाही, पण तो गेल्यावर तिथंच बसून ढसाढसा रडली. बाबांच्या नावाची भिंत. तो शेरा खोडणारी भिंत. तिला दुसरं काही नको होतं.

बाबांच्या जवळच्यांपैकी ड्रायव्हरकाका तेवढे हयात होते. पेन्सिलरावांना जीपमधून वरखाली नेणारे हेच. कोण जवान कुठल्या गावचा, हे त्यांना अजून पाठ होतं. दोघं मिळून घरं शोधत हिंडले. पण कोण देणार चित्र? एका घरी तर गेलेल्या जवानाच्या बायकोनं दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, "आमच्या घरात त्यांचं एवढंच उरलंय, तेही नेता?" लेक हात हलवत परत आली. दुसरीकडेही तेच, तिसरीकडेही तेच. तिला राग येईना, कारण त्यांच्या जागी तिनंही तेच केलं असतं.

मग ते शिवणकाम करणाऱ्या एका आजींकडे गेले. त्यांचा मुलगा पलटणीत वायरलेसवर होता, तो डोंगरावरच गेला. शिलाई मशीनच्या वर चित्र टांगलेलं. एक तरुण उलट्या डब्यावर बसून बटाटे सोलतोय. काच लख्ख पुसलेली. लेकीनं बाबांची रेघ लगेच ओळखली आणि तिचा ऊर भरून आला. ड्रायव्हरकाका मात्र चित्राच्या अगदी जवळ जाऊन पुन्हा पुन्हा बघू लागले.

लेकीचं भिंतीबद्दलचं सगळं ऐकून घेऊन आजींनी कात्री खाली ठेवली. "तुम्ही त्याच्याबरोबर होता ना? मग तुम्हाला कळलंच असेल. हा माझा नाही."

"हा आपला आचारी," काका हळूच म्हणाले. "जेवण घेऊन वर गेला, तो परत आला नाही. सापडलाही नाही."

"आजी, मग इतकी वर्षं तुम्ही कुणाला बोलला नाहीत?" लेकीनं विचारलं.

"काय बोलायचं? याच्या घरी माझा गेला असेल, एवढं कळत होतं. मी याला नीट ठेवलं तर ते माझ्याला नीट ठेवतील. त्यात काय मोठं?" आजींनी चष्मा काढून पदरानं पुसला. "पण मला त्याला एकदा बघायचंय गं. तेवढं कर. मग दोन्ही चित्रं ने तुझ्या भिंतीवर. माझ्यामागं त्यांचं करणार तरी कोण?"

दोन चित्रं. अधिकाऱ्यानं निदान दोन म्हटलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी लेकीला चित्रांच्या अदलाबदलीचं दुःख झालं, त्याहून भिंत मिळाल्याचा आनंद मोठा होता.

आचाऱ्याचे वडील सायकली दुरुस्त करायचे. दुकान म्हणजे रस्त्याकडेची एक खोली, छताला टायर टांगलेले, आणि समोरच भिंतीवर वायरलेसवाला, कानाला यंत्र लावून बसलेला. आजोबा ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधत होते. लेकीनं आपण कोण ते सांगितलं, तसं त्यांनी हात पुसले, दोघांना बसायला स्टूल दिलं आणि खूश होऊन म्हणाले, "म्हणजे हे चित्र तुझ्या वडिलांचं? मग त्यांचे फार उपकार आहेत माझ्यावर."

लेकीला वाटलं, आजींसारखेच हे आजोबा, यांनाही सगळं ठाऊक असणार.

"मुलगा गेल्याची तार आली," आजोबा सांगू लागले. "हिनं अंथरूण धरलं. आणि मग हे चित्र आलं. मी बघतो तर हा कुणी भलताच. मी हिला म्हटलं, ऊठ. ज्यांना आपल्या पोराचं तोंड माहीत नाही, त्यांना त्याचं मरण काय माहीत असणार? गेला तो हा. आपला कुठंतरी अडकलाय. कैदेत असेल, डोक्याला मार बसून नाव विसरला असेल. येईल. ही गेली, पण वाट बघत गेली, रडत नाही गेली. हे चित्र माझा पुरावा आहे, पोरी. कुणी समजूत घालायला आलं, की मी नुसतं बोट दाखवतो."

काकांनी डोळ्यांनीच खुणावलं, चल, ऊठ. तीही उठली. तोंड उघडून चित्र मागायचं म्हणजे या म्हाताऱ्याचा पोरगा आपल्या हातानं मारायचा. भिंत गेली खड्ड्यात, असं तिनं मनात म्हटलं आणि ते म्हणताना तिला रडू फुटेलसं झालं. मोबाईलवर एक फोटो काढावा, तो आजींना दाखवावा, विषय संपला.

तिनं फोटो काढला. आजोबा कौतुकानं बघत होते. "याची आई आहे का?"

"आहे."

"तिला सांग, मी याला नीट ठेवलाय. कुणाच्या का होईना, पोटचा गोळा आहे. तिच्याकडे याचं दुसरं एखादं चित्र असेल ना?"

नुसतं 'हो' म्हणायचं होतं. जगात माणसं उठता बसता खोटं बोलतात, आणि नेमकं हिलाच जमलं नाही. "चित्र आहे," ती म्हणाली. "पण याचं नाही."

बोलून बसली आणि जीभ चावली. आजोबांनी ट्यूब पुन्हा पाण्यात घातली. बुडबुडे येत होते तिकडे ते बघत राहिले, पण बोट काही त्यांनी भोकावर ठेवलं नाही.

"डाव्या भुवईवर खूण आहे?" त्यांनी खाली बघतच विचारलं.

काका म्हणाले, "आहे."

"बसलाय की उभा?"

"बसलाय. काम करतोय."

एक गिऱ्हाईक सायकल घेऊन आलं, काकांनी त्याला हातानंच परत धाडलं. लेक खाली आजोबांच्या शेजारी बसली. "आजोबा, चूक माझ्या बाबांच्या पिशवीतून झाली. मी त्यांच्या वतीनं माफी मागते."

"तुझ्या बापानं माझा पोरगा इतकी वर्षं जिवंत ठेवला," आजोबा म्हणाले. "त्याला शिव्या देऊ का त्याच्या पाया पडू, ते मला आज ठरवता येत नाही." मग ते उठले, स्टूलवर चढून त्यांनी वायरलेसवाल्याला खिळ्यावरून काढलं, तेलकट हात लागू नयेत म्हणून मनगटांनी धरून खाली आणलं आणि लेकीच्या मांडीवर ठेवलं. "याला आईकडं पोचव. आणि माझ्याला घरी आण."

आजींच्या घरी ती गेली तेव्हा आजींनी मुलाचं चित्र मशीनवर ठेवलं, नाकाशी धरलं, पुन्हा ठेवलं. "बारीक झाला होता," एवढंच म्हणाल्या. आचाऱ्याला कापडात गुंडाळताना मात्र त्यांचा हात निघेना. सवय झाली होती त्याची. "भिंतीवर कधी लावणार दोघांना?" त्यांनी विचारलं.

"नाही लावणार, आजी," लेक म्हणाली. "घरी आलेल्या माणसांना पुन्हा बाहेर कुठं काढू?"

अधिकाऱ्याला तिनं बाहेरूनच फोन केला, की भिंतीवर फोटो लावा. तो बिचारा हळहळला, मुदत वाढवून देतो म्हणाला. ती नको म्हणाली. बाबांच्या नावावरचा तो शेरा कागदोपत्री तसाच राहणार होता आणि ते तिला लागलंच, लागलं नाही असं कोण म्हणेल? रस्त्याच्या कडेला उभी राहून तिनं डोळे पुसले आणि काखेतलं चित्र सावरून सायकलच्या दुकानाकडे निघाली.

आजोबांनी दुकान लवकर बंद केलं होतं. हात साबणानं धुतले होते, धुतलेला सदरा घातला होता. तिनं कापड सोडलं, तसं त्यांनी चित्र दोन्ही हातांत घेतलं आणि उजेडाकडे केलं. मुलाच्या चेहऱ्याकडे बघितलं, भुवईकडे बघितलं, मग नजर खाली त्याच्या हातांवर गेली, चाकूवर गेली, डब्याशेजारी पडलेल्या सालींवर गेली.

"केवढी जाड सालं काढतोय गाढव," ते म्हणाले. "आईनं किती वेळा सांगितलं होतं याला."

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते त्याच्यासाठी रडले.