पट्ट्यातली फट

सायकलच्या दुकानात पंक्चर काढायला एक जण येतो आणि बघायला चार जण बसतात. ट्यूब पाण्यात बुडवली की बुडबुडे सुटतात, आणि बसलेल्यांची तोंडंही. किन्हवलीला माझ्या दुकानात वर्षानुवर्षं हेच चाललंय. चौथीत शाळा सोडली, लिहायचा मला कंटाळा. पण दामूच्या माशांचं जो तो आपल्या मनाने सांगतो, आणि सगळे चुकीचं सांगतात. म्हणून हे.

*

दामू म्हणजे एसटीचा रिटायर ड्रायव्हर. बायको गेली आणि घरात एकटा पडला. गॅस चालू ठेवून दुकानावर यायचा. जेवलास का विचारलं तर आठवत बसायचा. मुलगी सुरेखा डोंबिवलीला नर्स. ती म्हणाली, घराला कुलूप लावा आणि आमच्याकडे चला. दामू काय ऐकेना. मग जावयाने तोडगा काढला. आपल्या घरातली काचेची पेटी, पंप आणि सुरेखाचे लाडके दोन मासे आणून दामूकडे ठेवले. नारिंगी अंग, पांढरे पट्टे. क्लाऊन म्हणतात, म्हणजे जोकर. समुद्रातले, खाऱ्या पाण्याशिवाय जगत नायत.

सुरेखा म्हणाली, "बाबा, दिवाळीपर्यंत हे दोघं जगले तर तुम्ही इथंच राहा. मेले तर मी तुमचा एक शब्द ऐकणार नाही."

मला तिथेच वास आला. गप्पी मासे दिले असते, ते गटारात पण जगतात. हेच नाजूक का? दामूचं घर रस्त्याला लागून, आणि फार्महाऊसवाले तेव्हा शहापूर-मुरबाडला जागा हुंगत फिरत होते. जावयाने मरणारेच मासे निवडून आणले, असं मी सगळ्यांसमोर बोललो.

दामू म्हणाला, "तात्या, तुला तुझ्या सावलीचा पण संशय."

ती माझ्या मागे मागे का येते, ते अजून कोणी सांगितलं नाय मला.

*

चोरीची सायकल रंग बदलून आणतात. मी रंग बघत नाय, खूण बघतो. माशांची पण खूण बघून ठेवली. मोठ्याच्या मधल्या पांढऱ्या पट्ट्यात, डाव्या अंगाला, बारीक नारिंगी फट होती. उद्या कोणी बदलला तर कळायला नको?

"मासे कोण चोरतंय रे?" दामू म्हणाला.

"ते चोराला विचार," मी म्हटलं.

*

पाण्याचा खारटपणा मोजायला जावयाने एक काचेची नळी दिली होती. ती दामूने दुसऱ्याच दिवशी फोडली आणि केरात लपवली. आता पाणी खारं किती, कळणार कसं?

आमच्यातला शंकर भातवाला. पेरणीआधी तो बियाणं मिठाच्या पाण्यात टाकतो, पोकळ दाणे वर येतात, ते काढून टाकतो. त्याने पेटीतलं पाणी तांब्यात घेतलं आणि मूठभर भात टाकलं. थोडं तरंगलं, बाकी तळाला. म्हणाला, "एवढं तरंगलं पायजे. पाणी फिकं झालं तर हे पण बुडंल."

शिकलेल्या जावयाची नळी गेली, शंकरचं भात राहिलं.

*

खारं पाणी आणणार कोण? हिराबाई. बाजाराला वसईकडून सुकी मच्छी घेऊन येते. तिला कॅन दिला. पहिल्या खेपेला भात बरोबर तरंगलं. दुसऱ्या खेपेला सगळं तळाला.

मी भर बाजारात तिला धरलं. म्हटलं, वाटेत नळावर भरून आणतेस. चाखून पण बघितलं, पुचाट.

तिने टोपली खाली ठेवली. "मी बोंबील विकते, पाणी विकत नाय. तुझ्या कॅनात आधीच निम्मं पाणी व्हतं. मला वाटलं तुला तसंच लागतं. कॅन कोणी धुतला व्हता?"

कॅन मी धुतला होता. दुकानातल्या टबाच्या पाण्याने. आणि ते पाणी ओतून टाकायचं राहिलं होतं.

त्या दिवशी मी तिच्याकडून नको असताना बोंबील घेतले.

*

मग लोडशेडिंग. दिवसाचे आठ-आठ तास. पंप बंद, मासे वर येऊन तोंडं उघडायला लागले. वायरमन मुद्दाम आमचीच लाइन आधी तोडतो, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "तात्या, अख्ख्या तालुक्याची जाते." असंच सांगणार तो.

शेवटी मी ट्रॅक्टरची जुनी ट्यूब टम्म फुगवून दामूच्या घरात आणून टाकली. वॉल्व्हला बारीक नळी लावली, नळीचं टोक पेटीत. बुडबुडे चालू झाले ते लाइट येईपर्यंत. दामू दिवसभर ट्यूबवर बसायचा, जोर कमी पडला की आणखी रेलून बसायचा.

शंकर म्हणाला, "एसटीत एवढा टाइम सीटवर बसला नसंल."

*

माशांना दोन वेळा घालायचं होतं. दामू जवळा धुऊन, बारीक करून चिमटीने टाकायचा. उरलेला जवळा वाया कशाला घालवायचा, म्हणून कांद्यावर परतायचा. मग त्याला भाकरी लागायची. गणपतीपर्यंत गड्याचं पोट सुटलं. जेवलास का, हे विचारायचं आमी कधी बंद केलं, आठवत नाय.

*

दसऱ्यानंतर दामूचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, ठाण्याला. सुरेखा त्याच्यासोबत. तीन दिवस मासे सांभाळायचं काम माझ्याकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर मोठा तळाशी आडवा. पंप चालू, पाणी खारं, काय झालं ते कळलं नाय. हातात घेतला. फट तेवढी दिसत होती.

त्याला दामूच्या जास्वंदीखाली पुरला, दुकान बंद केलं आणि कल्याणची गाडी पकडली. तिथं माशांच्या दुकानात तसलेच मासे होते. सगळे अख्ख्या पट्ट्याचे.

"फट असलेला नाय का?" मी विचारलं.

दुकानदाराने हातातली जाळी खाली ठेवली. "काका, लोक अख्खा मागतात."

मांडीवर पिशवी घेऊन परत आलो. त्याने सांगितलं तशी पिशवी तासभर पेटीत तरंगत ठेवली, मग सोडला. दामू आला तो एका डोळ्यावर पट्टी बांधून. पेटीसमोर बसला आणि म्हणाला, "बाळसं धरलंय मोठ्याने."

चोरीचा माल आयुष्यभर ओळखला, आता मीच रंगवून ठेवला होता.

*

दिवाळीला सुरेखा आणि जावई आले. तिने चपला काढायच्या आधी पेटी गाठली. दोन मोजले. मग स्वयंपाकघरात जाऊन डबे उघडून बघितले, तवा बघितला, गॅसचं बटण बघितलं.

"राहा बाबा इथंच," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला वळली. दामू तिच्या मागे मागे आत गेला, साखर कुठल्या डब्यात ते दाखवायला.

जावई मात्र पेटीपाशी वाकला होता. डाव्या अंगाने बघत होता, बराच वेळ.

"तात्या," तो हळूच म्हणाला, "मोठ्याच्या पट्ट्यात फट होती ना?"

"भरली असंल," मी म्हटलं.

त्याने एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं.

"भरते," तो म्हणाला. "आमच्याकडे ती फट अशीच एका दिवसात पडली होती. सुरेखा तेव्हा ड्युटीवर होती."