हात थांबला काय?

"हात थांबला काय?"

हा त्याचा, म्हणजे माझ्या मालिका लिहिणाऱ्या मित्राचा, प्रश्न. एखादा प्रसंग वाचून झाला की दुसरे लेखक विचारतात, कसा वाटला. हा तसं कधी विचारायचा नाही. ऐकणारं माणूस डाळ निवडत असो, शेंगा फोडत असो की बटण लावत असो, याचं लक्ष त्या हातांकडे. ज्या वाक्याला हात थांबला, त्या वाक्याखाली तो लाल रेघ मारायचा. सबंध प्रसंगात एकदाही थांबला नाही, तर कागद चारदा दुमडून खिशात घालायचा आणि मुकाट्यानं माझ्या दुकानात येऊन बसायचा.

माझं झेरॉक्सचं दुकान आहे, मलकापुरात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. त्याचं घर मागच्या गल्लीत. ज्या मालिका ऐकत तुम्ही संध्याकाळच्या पोळ्या लाटल्या, त्यांतल्या निम्म्या माझ्या मशीनवरून गेल्या आहेत, असं मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा फेकतो. थोडं फेकतोच. पण दोन-तीन नक्की गेल्या. दिवाळीत, उन्हाळ्यात तो मुंबईहून गावी यायचा तेव्हा लिहिणं चालूच असायचं, आणि कागद माझ्याकडेच निघायचे.

त्याची आई भाजी विकायची. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो. संध्याकाळी ती दारात बसून दुसऱ्या दिवशीच्या मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या बांधायची आणि हा शेजारी बसून शाळेचं पुस्तक मोठ्यानं वाचायचा. मावशीला अक्षर येत नाही, पण धडा आवडला की तिच्या हातातली जुडी तशीच राहायची. पुढे जयंतीला वस्तीत नाटक व्हायचं, ते हा लिहायला लागला. तेही आधी मावशीसमोर वाचायचं, मग वस्तीसमोर. मावशीचा हात थांबला नाही म्हणून त्यानं एकदा आख्खा दुसरा अंक फाडला होता. तालीम उद्यावर आली होती आणि त्यात राजाचं काम माझं होतं, म्हणून ते माझ्या चांगलं लक्षात आहे.

"टीव्ही कोणी बसून पाहत नाही बे," तो मला समजावून सांगायचा. "बायका टीव्ही कानानं पाहतात. डोळे अन् हात कामात असतात त्यायचे. तो हात थांबला, का समज आपलं पोचलं."

मुंबईला जाऊन तो आधी कुणाच्यातरी हाताखाली राहिला, मग संवाद लिहू लागला, मग पटकथा. त्याचं खरं नाव झालं ते एका मालिकेतल्या कामवालीमुळे. मोठ्या बंगल्यातली ती बाई आपल्या वऱ्हाडीत बोलायची. ती तोंड उघडायची आणि महाराष्ट्र हसायचा. मग दुसऱ्या मालिकेत वऱ्हाडी वॉचमन आला, तिसरीत वऱ्हाडी ड्रायव्हर. जो तो त्याला म्हणायचा, तसंच गमतीदार काहीतरी दे. तो देत गेला. आमच्या गावाला कोण अभिमान. मी तर त्याचा फोटो दुकानाच्या काचेवर लावला होता.

एका दिवाळीत आम्ही तिघं त्याच्या घरी ती मालिका बघत बसलो होतो. मी हसून हसून उचकीवर आलो. मावशी सुपात तूरडाळ निवडत होती, आणि तिचा हात एकदाही थांबला नाही. मालिका संपल्यावर ती डाळीतून मान वर न काढता म्हणाली, "काऊन रे, आपलं बोलणं तू भांडेवालीच्याच तोंडी काऊन देतं? आपल्यात कोणी वकील नाही काय?"

त्यानं टीव्ही बंद केला. मी उगाच म्हणालो, "मावशी, ते गमतीचं असते."

"हाव, गमतीचं असते," मावशी म्हणाली आणि डाळ पाखडायला लागली.

तो चार दिवस राहणार होता, पंधरा दिवस राहिला. माझ्या दुकानात, मशीनशेजारच्या लाल खुर्चीवर बसून त्यानं एक गोष्ट लिहून काढली. तालुक्याच्या कोर्टातली एक वकिलीण. हुशार, फटकळ, आणि घरी, बाजारात, कोर्टात एकसारखी बोलणारी, म्हणजे मावशीसारखी. मी झेरॉक्स काढता काढता वाचत गेलो आणि दोनदा कागद उलटा घातला. ते पाहून त्यानं तिथेच लाल रेघा मारल्या.

चॅनेलला गोष्ट आवडली. फक्त एक म्हणणं होतं. नायिकेनं शुद्ध बोलावं, आणि हे असं बोलणारी एखादी आत्या घरात असू द्यावी, तेवढाच विनोद होईल. तो नाही म्हणाला. वर्षभरानं दुसऱ्या चॅनेलकडे गेला, तिथेही तीच आत्या निघाली. मग तिसरीकडेही.

मी त्याला म्हणालो होतो, दे ना सोडून, मालिका तर होईल. आज त्याची लाज वाटते, पण म्हणालो होतो.

"वीस वर्षं मी लोकायले माह्या मायवर हसवलं बे," तो म्हणाला. "आता एकडाव तिले कोर्टात उभी करू दे."

मग त्यानं स्वतःच निर्माता व्हायचं ठरवलं. नमुन्याचा एक भाग करायचा आणि चॅनेलवाल्यांना दाखवायचा. शूटिंग ठेवलं जवळच्या रोहिणखेड गावाला, कारण मलकापुरात कुठेही माईक लावला तरी गाडीची शिट्टी येतेच. मुंबईहून दिग्दर्शक आला, कॅमेरा आला, आणि हे नेमकं काय चाललंय ते बघायला चॅनेलच्या एक मॅडमही आल्या. त्या पुण्याच्या. स्वभावानं बऱ्या होत्या, पण मोबाईलवरचा अंगठा काही थांबत नव्हता.

प्रसंग असा होता की बायका अंगणात मेथी निवडत बसल्या आहेत आणि वकिलीण त्यांना कोर्टात साक्ष द्यायला विनवते आहे. बायका गावातल्याच घेतल्या होत्या, शिवाय आमची मावशी. पहिल्या टेकला मेथीचा मोठा ढीग होता. दिवे हलवायला वेळ लागला. दुसऱ्या टेकला ढीग अर्धा झाला होता. तिसऱ्याला दिग्दर्शकानं कॅमेऱ्यात पाहिलं तर अंगणात एक काडी नव्हती, नुसत्या बायका.

"भाजी कुठे गेली?" तो ओरडला.

"निवडली," मावशी म्हणाली. "तुम्ही दोन तास बसवून ठेवलं. हातावर हात ठेवून कोण बसीन?"

निवडलेली मेथी तोवर मागच्या चुलीवर चढली होती. एवढी भाजी वाया कशी घालवायची, म्हणून बायकांनी मुंबईच्या माणसांसाठी जेवणाचाच बेत केला होता. पुन्हा मेथी आणली, पुन्हा तेच झालं. नुसतं निवडल्यासारखं करा, असं दिग्दर्शक हात जोडून सांगत होता. एकीनं त्याला विचारलं, "निवडल्यासारखं म्हणजे कसं?"

आमचा माणूस ओट्यावर बसून पोट धरून हसत होता. मग उठला आणि दिग्दर्शकाला म्हणाला, "निवडू द्या त्यायले. थांबा म्हणून कोणी सांगू नका. सलग घ्या सारं."

तिसऱ्यांदा मेथी आली. मावशी आता चुलीपाशी होती, भाजी लागू नये म्हणून. बाकीच्या बायका निवडत होत्या. वकिलीण बोलत गेली, पाया पडली नाही, रडली नाही, घरच्यासारखी रागावली. शेवटी म्हणाली, "उद्या मले तिथी एकटीले उभी ठेवसान, तर माह्या दारात भाजीही मागाले येऊ नका." आणि अंगणातला एकेक हात थांबला. कोणी सांगितलं नव्हतं. मी कॅमेऱ्याकडे बघत होतो, तर त्यानं मला कोपरानं ढोसलं. "तिकडे पाह्य," तो कुजबुजला.

मॅडमचा अंगठा थांबला होता.

जेवताना त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली आणि म्हणाल्या, आत्या नको, आहे तसंच करू. त्यानं मान डोलावली आणि हात धुवायला गेला. बराच वेळ आला नाही, तेव्हा मी बघायला गेलो. तो नळाशी तसाच उभा होता. मावशीनं मात्र तो प्रसंग पाहिलाच नव्हता, ती चुलीपाशी होती. त्याला तेच लागून राहिलं होतं.

पहिला भाग लागायचा त्या संध्याकाळी तो मुंबईत पुढच्या भागांच्या कामात अडकला होता. दुपारीच फोन आला. "मायजवळ जाऊन बस. पण टीव्ही पाहू नको. हात पाहजो."

मी गेलो. मावशी सूप घेऊन टीव्हीसमोर बसली होती. मी टीव्हीकडे पाठ करून बसलो. "असा काऊन बसला?" तिनं विचारलं. मान अवघडली आहे, असं काहीतरी मी सांगितलं.

मालिका सुरू झाली. मागून वकिलिणीचा आवाज येत होता, आणि समोर मावशीची बोटं डाळीत फिरत होती. जाहिराती आल्या, बोटं फिरतच होती. त्याला काय सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करायला लागलो. खोटं बोललो असतो तर त्यानं ते पकडलंच असतं.

मग कोर्ट आलं. वकिलीण उभी राहिली आणि बोलली, आपल्यासारखीच बोलली. मालिकेतलं कोणी हसलं नाही. मावशीनं सूप जमिनीवर ठेवलं. हात पदराला पुसले, मांडीवर घेतले आणि ती ताठ बसली. पन्नास वर्षं मी त्या बाईला ओळखतो, तिचे हात रिकामे मी पहिल्यांदा पाहिले. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

भाग संपला आणि फोन वाजला. "थांबला काय हात?"

"नाही बे," मी म्हणालो. "तिनं सूपच खाली ठेवलं."

फोन चालूच होता. इकडे मावशी मला विचारत होती, "चांगली बोलते ते वकिलीण. कोणाच्या घरची आहे रे?"

"तुह्याच घरची, मावशी," मी म्हणालो आणि फोन तिच्या हातात दिला.

आता त्याला यायला फुरसत नसते. माझ्या दुकानातली लाल खुर्ची रिकामी असते, तिच्यावर मी कागदांचे गठ्ठे ठेवत नाही. मालिका जोरात चालू आहे. लोक दुकानात येऊन तिच्याबद्दल बोलतात, विचारतात, पहिला भाग कसा होता हो? फार छान होता, असं मी सांगतो. तो मी अजून पाहिलेला नाही.