डिंडोलीतली आमची फुगडी

सुरतमध्ये गरबा शोधावा लागत नाही, तो आपणहून कानात घुसतो. फुगडी मात्र शोधावी लागायची. लग्न होऊन मी डिंडोलीत आले, तेव्हा माझ्या थोरल्या जावेने, आमच्या जिजीने, मला फुगडीचा पत्ता सांगितला. श्रावणात पिठाच्या गिरणीवर जायचं. ज्या बाया कानबाई देवीच्या नैवेद्याच्या रोटांसाठी वेगळे गहू दळायला आणतात, त्यांना विचारायचं, देवी कोणाकडे बसणार? सोमवारी सकाळी तिथून विसर्जनाची मिरवणूक निघते, आणि खानदेशी बाया रस्त्यातच फुगडी धरतात. गिरणीवाला गुजराती. तो विचारायचा, "तमारो गरबो क्यां छे?" जिजी ताडकन म्हणायची, "गरबा नही भाऊ, फुगडी." दर वर्षी तेच. त्या माणसाच्या डोक्यात ते काही शिरलं नाही.

आमची जोडी ठरलेली. घरात ती माझ्या भाजीला नावं ठेवायची, आणि मीही काही गप्प बसणारी नव्हते. पण हातांची कैची करून एकमेकींना धरलं, पायाला पाय लावले, अंग मागे टाकलं, की भांडण कुठल्या कुठे पळायचं. एकीने हात सोडला तर दोघी आपटतात. माहेर सुटल्यावर त्या परक्या गावात मला आपलं वाटलेलं पहिलं माणूस म्हणजे जिजी.

मग तिचा नवरा, माझे थोरले दीर, काविळीने गेले. पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये होते. जिजी बोलेनाशी झाली. भाजीत मीठ कमी पडलं तरी मुकाट जेवायची. मला ते सहन होईना. वाटायचं, एकदा माझ्याशी फुगडी खेळली की माझी जिजी मला परत मिळेल.

त्या श्रावणात मिरवणूक आमच्याच गल्लीतून निघाली. जिजी दारात भिंतीला टेकून उभी होती. मी समोर जाऊन हात पुढे केले. "हात दे व जिजी."

शेजारची म्हातारी पुटपुटली, "तिले कसाले वढस?" मी तिच्याकडे असं पाहिलं की ती मागे सरली. जिजीने हात दिले.

आम्ही फिरलो. तिची पकड तशीच होती, घट्ट. ढोल पुढे गेला होता, बाया गाणं थांबवून बघत राहिल्या. मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं. तेवढ्यात जिजी मंदावली, थांबली, आणि तिने हात सोडवून घेतले.

"काय हुयनं?"

"फक्त तुन्ह्याच बांगड्या वाजी राहिन्यात," ती म्हणाली.

मी तिच्या मोकळ्या मनगटांकडे पाहिलं. माझ्या बांगड्या तिथेच फोडून टाकाव्यात असं वाटलं. पण नवरा जिवंत असताना बाई तसं करत नाही, आणि माझा तर तिकडे ढोलापुढे नाचत होता. जिजी घरात निघून गेली. मी दारात दोन्ही हात पोटाशी दाबून उभी राहिले, वाजू नयेत म्हणून.